रिकाम्या पुंगळीची गोष्ट

दिवाळीत पोरांच्या पिस्तुलात फुटणाऱ्या टिकलीचे जगातल्या मोठमोठ्या लढायांशी जवळचे नाते आहे, असे म्हटले तर फराळाला बसलेली मंडळी हसतील. पण ते आहे. टिकलीला वात नसते, तिला विस्तव दाखवावा लागत नाही. वरून घोडा आपटला की ती आपली आपण पेटते. आघाताने पेट घेणाऱ्या दारूची ही युक्ती बंदुकीला प्रथम लावली ती कोणा सेनापतीने नव्हे, तर एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडमधील बेल्हेल्व्ही येथील पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा मोठा नाद. गारगोटीच्या बंदुकीत आधी बाहेरचे रंजक भडके आणि मग आतला बार उडे. त्या भडक्याने पक्षी सावध होत आणि पाद्रीबुवा हात हलवीत घरी येत. या अपयशातून त्यांनी आघाताने पेटणारे रंजक योजले आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे हेच रंजक तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसले आणि गारगोटीचे राज्य संपले.

या टोपीचा, तिच्या मागे आलेल्या पितळी काडतुसाचा, आणि ते काडतूस घरी बसून पुन्हा पुन्हा भरणाऱ्या माणसांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तोफा-तलवारींच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही, कारण तो रणांगणावर घडला नाही. तो घडला शेकोटीपाशी, धोबीखान्याच्या मागच्या खोलीत आणि घराच्या तळघरात.

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या ‘कार्तूश’चे आपण काडतूस केले. मुळात ते कागदाचे असे. मोजून घेतलेली दारू आणि शिशाची गोळी कागदाच्या सुरळीत बांधायची, शिपायाने तो कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथे नव्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याची वदंता उठली. पुढचे सारे आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्या उठावाची कारणे अनेक होती आणि इतिहासकार ती मांडीत आले आहेत. पण आपल्या विषयापुरती त्यातली एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. काडतूस भरणारा एक आणि ते दातांखाली धरणारा दुसरा, अशी ती व्यवस्था होती. आत काय आहे हे ज्याला कळायला हवे, त्यालाच ते कळण्याची सोय नव्हती.

कागदाची जागा पितळेने घेतली ती त्यानंतरच्या दहा वर्षांत. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी, असे चार वस्तूंचे हे नवे काडतूस. १८६६ साली दोन माणसांनी निरनिराळ्या देशांत टोपीचे दोन नमुने काढले. अमेरिकेत कर्नल हायरम बर्डन आणि इंग्लंडात वुलिच येथील कर्नल एडवर्ड बॉक्सर. ज्यावर आपटून रंजक पेटते ती ऐरण बर्डनने पुंगळीच्याच बुडात घडविली आणि तिच्या दोन अंगांना दोन बारीक भोके ठेवली. बॉक्सरने ऐरण टोपीतच बसविली, त्यामुळे पुंगळीच्या बुडाला मधोमध एक मोठे भोक राहिले. मौज अशी की, अमेरिकन माणसाची टोपी पुढे युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत.

दिसायला हा फरक तिळाएवढा. पण त्याने दोन खंडांतल्या लोकांच्या सवयी बदलल्या. बार उडाल्यावर पितळेला काही होत नाही. ती थोडी फुगते इतकेच. बॉक्सरच्या पुंगळीत वरून सरळ सळई घातली की मधल्या भोकातून जळकी टोपी टपकन खाली पडते. बर्डनच्या पुंगळीत सळई ऐरणीवर अडते आणि टोपी काढणे किचकट होऊन बसते. म्हणून अमेरिकन माणूस रिकामी पुंगळी खिशात टाकू लागला. चारांतली सर्वांत महाग वस्तू त्याच्या हाती फुकट उरत होती.

१८७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ मैदानांवर रानगव्यांची भयंकर कत्तल झाली. ते शिकारी महिनोन् महिने वस्तीपासून दूर असत. ते शिसे आणि दारूची पिपे गाड्यांवर लादून नेत, रात्री शेकोटीवर शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओतीत आणि दिवसभराच्या पुंगळ्या पुन्हा भरून ठेवीत. लाखो जनावरे मारली गेली, त्यांच्यावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांचा आधार तुटला. काडतूस घरी भरण्याच्या कलेचा पहिला मोठा उपयोग हा असा झाला. काटकसरीचा गुण चांगल्याच कामी येतो असे नाही.

१८८४ साली कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली आणि एक हत्यार विकायला आणले. ते थेट आपल्या अडकित्त्यासारखे दिसे. त्याच्या जबड्यात पुंगळी धरायची आणि दांडे आवळायचे. जळकी टोपी काढणे, नवी बसविणे, गोळी तोंडात घट्ट करणे ही सारी कामे त्या एका अडकित्त्यावर होत. कित्येक नमुन्यांना गोळी ओतायचा साचाही जोडलेला असे. तो खोगिराच्या पिशवीत मावे आणि शेतकऱ्याला परवडे. १९२५ साली ही कंपनी लायमन यांच्याकडे गेली आणि तो अडकित्ता पुढेही कित्येक दशके खपत राहिला.

मध्यंतरी दारूच बदलली. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूर न करणारी दारू तयार केली. जुन्या काळ्या दारूने पुंगळी जवळजवळ तोंडापर्यंत भरे. चुकून दुप्पट घालायची म्हटले तरी ती मावत नसे. नवी दारू थोडक्यात फार जोर करी. विशेषतः पिस्तुलाच्या पुंगळीत ती तळाशीच बसे आणि वर बरीच जागा मोकळी राही. त्या मोकळ्या जागेत नकळत दुसरे मापही बसू शकते. काडतूस भरणाऱ्यांच्या पुढच्या साऱ्या भयाचे मूळ या रिकाम्या जागेत आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतही बाजारातला दारूगोळा आटला. तेव्हा १९४३ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी आपल्या वडिलांच्या धोबीखान्याच्या मागच्या खोलीत गोळ्या घडविण्याचे साचे बनविले. तिकडे ‘रॉक चक’ नावाचा खारीच्या कुळातला एक जाडजूड प्राणी आहे. त्याच्या शिकारीसाठी या गोळ्या. लहान बंदुकीच्या फेकून दिलेल्या पुंगळ्यांचाच त्या गोळ्यांना वरचा अंगरखा होई. ‘आर. सी. बी. एस.’ या कंपनीचे नाव त्या प्राण्यावरूनच पडले. युद्ध संपल्यावर कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून सरकारची उरलेली पन्नास हजार पौंड दारू विकत घेतली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून रेल्वेचा जुना डबा भाड्याच्या कुरणात उभा केला आणि मासिकात इंचभर जाहिरात देऊन ती विकायला काढली. धोबीखाना आणि मोडका डबा, एवढ्यावर तिकडचा हा सारा घरगुती उद्योग उभा राहिला.

आता त्या यंत्राकडे येऊ, ज्याने या कामाची चाल पालटली. अडकित्ता काय किंवा त्यानंतरचा टेबलाला जखडलेला साधा दाबयंत्राचा दांडा काय, एका वेळी एकच काम करी. पन्नास पुंगळ्या घ्यायच्या, पन्नासांच्या टोप्या काढायच्या, मग पन्नासांना नव्या बसवायच्या, मग दारू, मग गोळ्या. १९३० नंतरच्या दशकात सान डिएगो येथील स्टार मशीन वर्क्सने निराळे यंत्र पुढे आणले. पोलीस खाती आणि नेमबाजांची मंडळे सरावासाठी ते घेऊ लागली.

त्याची रीत समजायला आपल्या करंज्या आठवाव्या. एक पारी लाटते, दुसरी सारण भरते, तिसरी कडा मुडपते, चौथी कातण फिरविते. घोळक्यात गप्पा चाललेल्या असतात आणि ताट भरत जाते. आता कल्पना करा की या चौघी एका फिरत्या चौरंगाभोवती बसल्या आहेत आणि एकच दांडा खाली ओढला की चौघींचे हात एकदम चालतात. नव्या यंत्रात नेमके हेच होते. गोल तबकडीवर चार-पाच पुंगळ्या उभ्या असतात. हापशासारखा दांडा एकदा खाली-वर केला की एकीची जुनी टोपी निघून तिचे अंग पुन्हा मापात येते, नवी टोपी बसते, दुसरीत दारू पडते, तिसरीच्या तोंडात गोळी बसते, चौथीची कड आवळली जाते, आणि एक तयार काडतूस डब्यात पडते. तबकडी एक घर पुढे सरकते.

१९७० नंतरच्या दशकात माइक डिलन नावाच्या वैमानिकाने हे यंत्र सामान्य नेमबाजाच्या घरात आणले. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सची विमाने चालविणाऱ्या या गृहस्थाला नेमबाजीचा खर्च झेपेना. त्याने आधी स्टारच्या यंत्राचे भाग बदलून पाहिले, मग ॲरिझोनात स्वतःची यंत्रे बनविली. साध्या दांड्यावर तासाला पन्नास-साठ काडतुसे भरत. या यंत्रावर चार-पाचशे भरू लागली.

इथे करंजीची उपमा संपते. कारण सारण न घातलेली करंजी ताटात आली तर ती खुळखुळा म्हणून हशा होतो, आणि तो ज्याच्या वाट्याला आला त्याची थोडी चेष्टा. काडतुसाचे तसे नाही. दारू न पडलेल्या काडतुसात टोपीचा तेवढा जोर गोळीला नळीत ढकलतो आणि गोळी मध्येच अडकून बसते. आवाज फुसका येतो. त्या फुसक्या बाराकडे दुर्लक्ष करून माणसाने दुसरा बार उडविला तर नळी फुटते. दुप्पट दारू पडली असेल तर दुसऱ्या बाराचीही वाट पाहावी लागत नाही. हाताची बोटे आणि डोळे यांच्यावरच बेतते.

जुन्या रीतीत पन्नास पुंगळ्या दारू भरून एका फळीवर ओळीने उभ्या असत आणि दिव्याखाली वाकून माणूस त्या पन्नासांत डोकावे. कमी-अधिक असेल ती चटकन दिसे. यंत्रात ती ओळच राहिली नाही. दारू पडल्यावर दुसऱ्या क्षणी गोळी वर बसते आणि झाकलेले झाकलेलेच राहते. शिवाय यंत्र अडखळले, माणसाने दांडा अर्ध्यातून मागे घेतला, आणि तबकडी सरकली की नाही याचा विसर पडला, की चूक घडते. पुढे काही यंत्रांना दारूची पातळी बिघडल्यास घंटी वाजविणारी सोयही आली. तरीही जाणती मंडळी त्या घरावर दिवा बांधतात आणि प्रत्येक पुंगळीत डोकावल्याखेरीज गोळी ठेवीत नाहीत. टेबलावर एका वेळी एकाच जातीची दारू, काम चालू असता गप्पा नाहीत, रेडिओ नाही, आणि दांडा मध्येच थांबला तर तबकडीवरच्या सगळ्या पुंगळ्या उतरवून पुन्हा पाहायच्या, असे त्यांचे नेम आहेत.

आणखी एक धोका डोळ्यांनाही दिसत नाही. गोळी शिशाची आणि टोपीच्या रंजकातही बहुधा शिशाचा क्षार. उडालेल्या पुंगळ्या घुसळून स्वच्छ करताना त्याची धूळ उठते. ती बापाच्या कपड्यांवरून स्वयंपाकघरात येते आणि तिचा सर्वांत जास्त अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो. म्हणून घरात हे काम करायचे तर हात धुणे, कपडे बदलणे आणि मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवणे याला पर्याय नाही.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. विकायचे झाले तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून दारूगोळा बनविता येत नाही. पितळी काडतूस आपल्याला परिचित आहे ते पुण्याजवळच्या खडकीच्या, १८६९ साली सुरू झालेल्या कारखान्यामुळे. मात्र कोकणात पिकांच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आजही आहेत. रानडुकराच्या भयाने माळ्यावर जागणारा तो शेतकरी आपला एकेक बार आपल्या हाताने ठासतो. त्याचे आणि तिकडच्या अडकित्तेवाल्याचे नाते लांबचे खरे, पण नाते आहे.

स्वतःच्या हाताने भरणाऱ्याला वाटते की आपण कोणावर अवलंबून नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत या समजुतीची परीक्षा झाली. अमेरिकेत काडतुसांची टंचाई झाली आणि घरोघरची वेगवान यंत्रे थांबली. पुंगळ्या होत्या, शिसे होते; टोप्या मिळेनात. टोपी घरी करणे हा जिवाशी खेळ, ती कारखान्यातूनच यावी लागते. मसुराच्या दाण्याएवढ्या त्या वस्तूसाठी मोठमोठी यंत्रे आच्छादने पांघरून उभी राहिली.

डमडमच्या शिपायाला आपल्या काडतुसात काय आहे हे कळायची सोय नव्हती, कारण ते दुसऱ्याने भरलेले होते. घरी भरणाऱ्याला ती सोय आहे, आणि या कलेचे खरे मोल तेवढेच आहे. पण यंत्र तासाला पाचशेच्या वेगाने चालू लागले की ही सोय हातची निसटते. स्वतः भरलेले काडतूसही मग परक्याने भरल्यासारखेच होते, कारण दांडा आपण ओढलेला असतो, आत मात्र पाहिलेले नसते. यंत्राने हाताचे श्रम वाचविले, ते चांगलेच झाले. पुंगळीत डोकावायचे काम अजून माणसाकडेच आहे, आणि ते पाचशे वेळा करायचे तर पाचशे वेळा मान वाकवावीच लागते.