पावकी, निमकी आणि अडीच शेर

पाढ्यांवरून आपल्याकडे कायम दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, हल्ली पोरांना पाढे येत नाहीत म्हणून गणित बुडालं. दुसरा म्हणतो, घोकंपट्टीनेच गणित बुडवलं. गंमत म्हणजे दोघंही दाखला देतात तो जुन्या पंतोजींच्या शाळेचाच! एकाला ती आदर्श वाटते, दुसऱ्याला तिथली छडी तेवढी दिसते. म्हटलं, तिथे नेमकं काय पाठ करून घेत होते ते तरी बघावं.

बे एके बे पासूनचे पूर्णांकांचे पाढे तर होतेच. पण खरी मजा त्याच्या पुढे. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी साडेतीनचा. सात सव्वा किती? पावणेनऊ. सात औट किती? साडेचोवीस. धूळपाटीवर अक्षरं गिरवणारी मुलं संध्याकाळच्या परवच्यात हे सगळं खड्या आवाजात म्हणत. अंश नाही, छेद नाही, आणि तरी अपूर्णांकांचा गुणाकार तोंडावर!

आता हे असले पाढे कशाला? तर तेव्हाची नाणी आणि मापं आठवा. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. मणाचे ४० शेर, आणि शेराचे पुढे अच्छेर, पावशेर, नवटाक असे निम्मे-निम्मे तुकडे. १६ ही संख्या अर्धी करत जा, ८, ४, २, १, कुठेही तुटत नाही. ज्या जगात सगळं अर्ध्या-पावाने मोजलं जातं, तिथे पाढेही अर्ध्या-पावाचेच असणार.

या मापांमधून आलेला एक ठोकताळा मला फार आवडतो. मणाचा भाव जितके रुपये, अडीच शेरांचा भाव तितकेच आणे. पटत नसेल तर करून बघा. ४० शेरांचे १६ भाग केले की एक भाग अडीच शेरांचा, आणि रुपयाचे १६ भाग केले की एक भाग आण्याचा. म्हणजे गूळ ७ रुपये मण असेल तर अडीच शेर गूळ ७ आण्यांना, आणि पाच शेर १४ आण्यांना. भागाकार न मांडताच भागाकार झाला! अडीचकी पाठ असलेल्या मुलाला दुकानात कोणी फसवू शकत नसे ते यामुळे.

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या कौन्सिलातले एक सदस्य प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये लिहून ठेवलंय की इथल्या गावोगावी शाळा आहेत आणि साधा शेतकरी किंवा छोटा दुकानदारही हिशेब चोख ठेवतो. हे वाचून छाती फुगते खरी. पण त्या ओसरीवर बसायला कोणाला मिळत होतं तेही विसरू नये. मुली जवळजवळ नव्हत्याच, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना दार बंद. ज्यांना बाजारात सगळ्यात जास्त फसवलं जायचं, नेमक्या त्यांनाच पावकी-निमकी शिकवली जात नव्हती. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याचं मोल या बाजूनेही मोजायला हवं.

पंतोजींच्या शाळेत पाठांतर आधी आणि उमज नंतर. आणि ती उमज बरीचशी शाळेबाहेर, वाण्याच्या तराजूपाशी यायची. मग १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो आले. हिशेब सोपा झाला, चांगलंच झालं. पण पावकी-निमकीच्या पायाखालची जमीनच गेली. अंकलिपीत त्या काही काळ राहिल्या, नुसत्या पाठांतरापुरत्या. पुढे ३० जून २०११ नंतर २५ पैशांचं नाणंसुद्धा चलनातून बाद झालं. 'चार आण्याची अक्कल नाही' एवढंच आता भाषेत शिल्लक!

मग गुणाकार शिकवायचा कसा? याचं उत्तर मला आणखी मागे, लीलावतीत सापडतं. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. त्यात १३५ गुणिले १२ हे एकच उदाहरण कितीतरी वाटांनी सोडवलंय. १२ चे ८ आणि ४ करा, १०८० आणि ५४० मिळवा. किंवा आधी ३ ने गुणून ४०५, मग ४ ने गुणा. किंवा १२ ऐवजी सरळ २० ने गुणा आणि आठपट वजा करा, २७०० उणे १०८०. कुठूनही जा, १६२० च. भागाकारातही तेच. १६२० ला १२ ने भागायचं तर दोघांनाही आधी ३ ने लहान करा, मग ५४० भागिले ४ उरतं.

म्हणजे पाढा की समज हा वादच खोटा आहे. दिडकी म्हणजे तरी काय, ती संख्या आणि तिचं अर्धं. मोडून जोडण्याची युक्ती पाढ्याच्या आतच बसली आहे, फक्त ती कोणीतरी उघडून दाखवायला हवी. सात आठे विसरलं तर सात चोक २८, त्याची दुप्पट ५६. ८४ लाडू ६ जणांत वाटायचे तर आधी प्रत्येकी १० देऊन टाका, ६० गेले, उरलेल्या २४ मधून आणखी ४. प्रत्येकी १४! हे एकदा उमगलेलं मूल पाढा विसरायला घाबरत नाही, आणि मग बहुधा विसरतही नाही.

पूर्वी हे उघडून दाखवायचं काम बाजार करत असे. आता वजनकाटाच किंमत छापून देतो आणि फोन पैसे देतो. तेव्हा ते काम आपल्यालाच करायला हवं, शाळेत आणि स्वयंपाकघरातही. आणि या वेळी कुठल्याच मुलाला ओसरीबाहेर न ठेवता.

असो. घरातल्या ज्येष्ठांपैकी कोणाला औटकी अजून तोंडपाठ असेल तर एकदा म्हणून घ्या त्यांच्याकडून, आणि शेजारी नातवंडांना बसवा.