खोळंब्याचा नकाशा

एखाद्या कचेरींत आपण अर्ज द्यावा आणि त्याचें उत्तर तीन आठवड्यांनीं हातीं पडावें, हा अनुभव कोणास नवा नाहीं. अशा वेळीं कारकुनाच्या आळसास बोल लावून आपण मोकळे होतों. परंतु तोच अर्ज या मेजावरून त्या मेजावर कसा जातो हें पाहात त्याच्या पाठोपाठ कोणी हिंडेल, तर बहुधा असें आढळेल कीं, माणसाचा हात त्याला लागला तो अर्धा तासच. उरलेला सारा काळ तो कुठल्या तरी ढिगांत पडून होता. दिरंगाई माणसाची कीं मांडणीची, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. कारखान्यांच्या इतिहासांत तो पोटापाण्याचा आणि अब्रूचा प्रश्न झालेला आहे. आणि आज व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग, म्हणजे मूल्यप्रवाहाचा नकाशा काढणें, या नांवानें जी विद्या शिकविली जाते, तिचें मूळही याच प्रश्नांत शोधावें लागतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर यानें कामगाराच्या पाठीशीं स्टॉपवॉच उभें केलें. प्रत्येक हालचालीस किती सेकंद लागतात तें मोजावें, फाजील हालचाली गाळाव्या आणि त्यावरून कामाचा दर ठरवावा, असा त्याचा मार्ग होता. ऑगस्ट १९११ मध्यें मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारांत ओतकाम करणारे कामगार या घड्याळाला विटून काम सोडून बाहेर पडले, आणि प्रतिनिधिसभेला चौकशी समिति नेमावी लागली. मला त्या कामगारांचा राग रास्त वाटतो. घड्याळ त्यांच्या हातांवर रोखलेलें होतें. एका हातांतून दुसऱ्या हातांत जाईपर्यंत माल किती दिवस पडून राहतो, याची नोंद त्या घड्याळावर होत नव्हती.

टेलरच्याच पंथांतला, पण निराळ्या नजरेचा गृहस्थ म्हणजे फ्रँक गिल्ब्रेथ. १८८५ मध्यें वयाच्या सतराव्या वर्षीं तो गवंडीकामाची उमेदवारी करूं लागला. एक वीट बसवावयास गवंडी १८ हालचाली करीत. त्यानें त्या ५ वर आणल्या, आणि ताशीं १२० विटांच्या जागीं ३५० विटा बसूं लागल्या, असें टेलरनें आपल्या १९११ च्या ग्रंथांत नमूद केलें आहे. हें साधलें तें गवंड्याला दटावून नव्हे. विटा पायाशीं पडलेल्या असत आणि त्या उचलण्यासाठीं गवंडी दर खेपेस सारें शरीर वांकवी. गिल्ब्रेथनें विटा कंबरेच्या उंचीवर राहतील आणि भिंतीबरोबर वर चढवितां येतील, अशी परांची योजिली. पुढें डिसेंबर १९२१ मध्यें त्यानें व त्याची विदुषी पत्नी लिलियन हिनें न्यूयॉर्क येथें यंत्र-अभियंत्यांच्या सभेपुढें ‘प्रोसेस चार्ट’ मांडला. वस्तूची सारी वाटचाल एका कागदावर चिन्हांनीं उतरविण्याची ही रीत. १९४७ मध्यें अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेनें यासाठीं पांच चिन्हें कायम केलीं: कामाला वर्तुळ, वाहतुकीला बाण, तपासणीला चौकोन, सांठ्याला त्रिकोण आणि खोळंब्याला इंग्रजी ‘डी’ अक्षर. ज्याला चिन्ह नाहीं तें कागदावर येत नाहीं, आणि कागदावर न आलेलें वरिष्ठांच्या डोळ्यांस क्वचितच दिसतें.

यापुढचा धागा जपानांत सांपडतो. १९५० मध्यें टोयोटा मोटार कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्यावर होती; नोकरकपात झाली, संप झाला, आणि किइचिरो तोयोदा यांना अध्यक्षपद सोडावें लागलें. अशा पैशाच्या ओढग्रस्तींत माल रचून ठेवणें म्हणजे पैसा कोंडून ठेवणें, हें ताइइची ओनो यांनीं ओळखलें. व्यर्थ खर्चाला जपानींत ‘मुदा’ म्हणतात. ओनो यांनीं त्याचे सात प्रकार मानले आणि गरजेपेक्षां अधिक माल करणें हा सर्वांत वाईट ठरविला. त्यांच्या शिष्यपरंपरेंत माल आणि माहिती यांचा ओघ एकाच कागदावर रेखाटण्याची पद्धत रुजली. या कारखान्याचें नुसतें स्तोत्र गाऊं नये, हेंही सांगितलें पाहिजे. सातोशी कामाता या पत्रकारानें तेथें हंगामी मजुरी केली आणि १९७३ मध्यें ग्रंथ लिहून तेथील कामाच्या जीवघेण्या वेगाचें वर्णन केलें. घड्याळ तेथूनही गेलें नव्हतें.

१९८३ मध्यें टोयोटांत नोकरीस लागलेले अमेरिकन जॉन शूक आणि माइक रोदर यांनीं १९९८ मध्यें ‘लर्निंग टू सी’ या पुस्तकांत ही रेखाटनाची पद्धत सर्वांस खुली केली. तिचें साहित्य म्हणजे पेन्सिल आणि कागद. माल जेथून गिऱ्हाइकाकडे रवाना होतो त्या दारापासून उलट चालत मागें जावयाचें. प्रत्येक टप्प्यावर कामास लागणारा वेळ आणि समोर पडून असलेला माल स्वतः पाहून लिहावयाचा. वर कचेरींतून येणाऱ्या हुकुमांचे बाण काढावयाचे. ढीग कां साचतो याचें उत्तर पुष्कळदां या बाणांतच असतें. खालीं पायऱ्यांची एक रेषा असते: एका पायरीवर थांबण्याचे दिवस, दुसरीवर कामाचे सेकंद. पुस्तकांतील कल्पित कारखान्यांत एका नगाला लागणारें प्रत्यक्ष काम १८८ सेकंदांचें आहे, आणि कारखान्यांतून बाहेर पडण्यास त्याला लागतात २३.६ दिवस. मग सुधारलेल्या मांडणीचा दुसरा नकाशा काढला जातो. त्यांत दिवस सुमारें पांचांवर येतात. सेकंदांत मात्र थोडीच काटछाट झालेली असते.