लग्नाचा फोटो कोणाचा?

१८३९ हे साल साताऱ्याच्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात इंग्रज सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवले आणि पुढे काशीस नेऊन ठेवले. त्याच्या दोन-तीन आठवडेच आधी, १९ ऑगस्ट रोजी, पॅरिस शहरात दागेर नावाच्या गृहस्थाची प्रकाशाच्या साह्याने पत्र्यावर चित्र उमटवण्याची कृती विद्वानांच्या सभेत उघड करण्यात आली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी मला त्या जोडीनेच आठवतात. प्रतापसिंह १८४७ साली वारले. त्यांचे रूप आपल्याला चित्रकाराच्या कुंचल्यातून पाहावे लागते. पण त्यांच्या नातवंडांच्या पिढीतल्या एखाद्या कारकुनाचे, शिक्षकाचे रूप, नाकावरच्या तिळासकट, आपल्या घरच्या भिंतीवर टांगलेले असते. राजाला जे मिळाले नाही ते कारकुनाला मिळाले. ते कसे मिळाले, काय किमतीला मिळाले, आणि मिळाले असे आपण म्हणतो ते खरोखर आपल्या मालकीचे झाले काय, हा आजचा विषय आहे. आणि उदाहरण घ्यायचे ते लग्नाच्या फोटोचे, कारण सातारा-सांगलीकडच्या बहुतेक घरांत पैसे मोजून काढवलेला पहिला फोटो तोच असतो.

मुंबईस ही विद्या लवकर रुजली. १८५४ साली तेथे छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झाली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी होते. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यातून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचे दुकान थाटले. मात्र त्या काळी लग्नात जाऊन फोटो काढणे जवळजवळ अशक्य होते, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. काचेवर ओले रसायन पसरायचे, ते ओले आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि सुकण्याआधी अंधारात नेऊन धुवायचे. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यातून समोरच्या माणसाने काही सेकंद पापणी हलवायची नाही. आपल्या मांडवात पापणी न हलवणारा माणूस एकच, तो म्हणजे मुलीचा बाप, आणि तोही धास्तीने!

१८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने कोरड्या काचेची युक्ती काढली आणि छायाचित्रकार त्या अंधाऱ्या तंबूतून सुटला. १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे आणि किंमत पंचवीस डॉलर. १९०० साली त्याच कंपनीने एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला. विलायतेत फोटो स्वस्त झाला तो येथे. आपल्याकडे मात्र कॅमेरा घरात येण्यापूर्वी दुकान गावात आले. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या फार आधी गोध्र्यास फोटोचे दुकान काढले होते. पुढे बडोद्यास त्यांचा तो धंदा चालेना, कारण कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो असा लोकांचा ग्रह झाला होता. पोट भरण्यासाठी चित्रकारही याच धंद्याकडे वळले. १९१८ च्या सुमारास औंधास येऊन राहिलेले पंडित सातवळेकर हे मूळचे चित्रकार. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी लाहोरास त्यांचा चित्रांचा व फोटोंचा स्टुडिओ होता. औंधाच्या पंतप्रतिनिधींसारखा चित्रकलेचा भोक्ता राजा जवळ असल्यावर अशा माणसाने इकडे यावे यात नवल नाही.

स्टुडिओच्या त्या काळात लग्नाचा फोटो म्हणजे लग्नातला फोटो नव्हे. माझ्या आई-वडिलांचा एकुलता एक फोटो लग्नानंतर आठ दिवसांनी साताऱ्यास काढलेला आहे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजे आणि संगमरवरी जिना. आमच्या सात पिढ्यांत कोणी असल्या जिन्यावर पाऊल ठेवलेले नाही. वडील खुर्चीवर, आई उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर. तो हात फोटोग्राफरने स्वतः उचलून तेथे ठेवला, असे ती पुढे चाळीस वर्षे सांगत असे, आणि दर वेळी तितक्याच संकोचाने.

फोटो वाडवडिलांच्या घरात नाही म्हणून सगळेच गरीब होते असे नाही. काहींनी तो समजून-उमजून टाळला. १८७३ साली निघालेल्या सत्यशोधक समाजाने भटजीविना आणि थोडक्या खर्चात लग्न लावण्याचा पायंडा पाडला होता. आणि बेचाळीसच्या लढ्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने जुन्या सातारा जिल्ह्याच्या गावागावांतून 'गांधी विवाह' लावले. (सांगली तेव्हा निराळा जिल्हा नव्हता; दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले.) लग्नापायी शेतकरी सावकाराच्या दारी जातो, ते थांबवावे हा त्यामागचा विचार. जेथे मानपान आणि वाजंत्रीलाच फाटा, तेथे छायाचित्रकाराला कोण बोलावणार? शिवाय भूमिगत माणसाने कॅमेऱ्यासमोर उभे राहणे म्हणजे आपला चेहरा आपल्या हाताने पोलिसांना देणे. तेव्हा स्वस्त लग्नाची आपल्याकडची सर्वांत तेजस्वी परंपरा ही बिनफोटोची परंपरा आहे, हे फोटोच्या कौतुकाच्या भरात विसरू नये.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, आणि ती बायकांची आहे. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात निकाल दिला. पहिली बायको असताना दुसरे लग्न केल्याचा आरोप होता. परंतु त्या दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचे, किंवा रूढीने ते नको असल्याचे, सिद्ध झाले नाही. म्हणून ते कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे असे ठरून आरोपी सुटला. या निकालाची बरी-वाईट चर्चा वकिलांनी करावी. मला त्यातून एवढेच दिसते की मांडवात नेमके काय झाले याचा पुरावा ही चैनीची वस्तू नाही. लग्नाच्या नोंदणीबाबत महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आला. त्याआधी आणि त्यानंतरही, नांदवायला नकार मिळालेली मुलगी वकिलाकडे जाताना पिशवीत काय घेऊन जाते? लग्नपत्रिका आणि फोटो. फोटो परवडणे वा न परवडणे हा प्रश्न मी हौसेचा मानत नाही, तो यासाठी.

साठ-सत्तर सालच्या सुमारास फोटोग्राफर मांडवात आला. बडोद्यास जुळवला जाणारा आग्फा क्लिक हा डब्यासारखा कॅमेरा पुष्कळ हौशी लोकांच्या गळ्यात दिसू लागला. त्याच्या एका रिळावर बारा चौकोनी चित्रे येत. फिल्म परदेशची आणि आयातीवर निर्बंध, म्हणून महाग. सरकारने उटीस हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना १९६० साली स्थापन केला आणि पुढे 'इंदू' फिल्म बाजारात आली, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. तरी सर्वसाधारण लग्नाला दोन रिळे ही मर्यादा. म्हणजे चोवीस चित्रे. या चोविसांत अख्खे लग्न बसवायचे! अंतरपाट दूर होतानाचे एक, हार घालतानाचे एक, कन्यादान, होम, सप्तपदी मिळून चार. सूनमुख पाहतानाचे एक हवेच, नाही तर विहीणबाई रुसतात. रुखवताचे एक, कारण मावशीने महिनाभर खपून केलेले असते. मग दोन्हीकडच्या मंडळींचे गट. आमच्या एका चुलत्यांनी आपण गटात मागे उभे राहिलो म्हणून पंगतीतून उठून जाण्याची धमकी दिली होती. त्यांच्यासाठी खर्चलेले चित्र पुढे पाठवणीच्या वेळी कमी पडले आणि बहिणीच्या डोळ्यांतले पाणी कागदावर यायचे राहिले. फोटोग्राफर हाच त्या दिवशीचा खरा इतिहासकार असे. काय नोंदवायचे आणि काय सोडायचे हे तो चोवीस वेळा ठरवी. चोवीस चित्रांच्या त्या अल्बमात जो निवडीचा विचार दिसतो, तो आजच्या चार हजार चित्रांत मला दिसत नाही. हे कदाचित माझ्या वयाचे बोलणे असेल.

आता या धंद्याचे गणित सांगतो, कारण सगळे रहस्य तेथे आहे. लग्नाला येण्याचे पैसे छायाचित्रकार थोडेच घेई. त्याची खरी कमाई प्रतींवर होती. मामाला एक प्रत, आत्याला एक, मुंबईच्या दिराला दोन. निगेटिव्ह त्याच्याकडे असल्यामुळे प्रत काढायला त्याच्याच दारी जावे लागे, पाच वर्षांनी का होईना. यात लबाडी मुळीच नव्हती. सुरुवातीला स्वस्त देऊन पुढे वसूल करण्याची ती रीत होती, आणि गरिबाला ती सोयीचीही होती. पण कायदा काय म्हणत होता? १९१४ चा कायदा विलायतेच्या कायद्यावर बेतलेला होता. त्यात निगेटिव्हचा जो मालक तोच फोटोचा कर्ता मानलेला होता. परंतु पैसे देऊन कोणी फोटो काढवला असेल तर त्याचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवणाराचा. १९५७ च्या आपल्या कायद्याने फोटो काढणाराला कर्ता म्हटले आणि पैसे देऊन काढवणाराचा हक्क मात्र तसाच ठेवला. म्हणजे हक्क वधूपित्याचा आणि वस्तू फोटोग्राफरच्या कपाटात! हक्क आणि वस्तू अशा दोन घरी नांदू लागल्या की चालते ते वस्तूचे.

त्याचा अनुभव मला आला आहे. बहिणीच्या लग्नाच्या फोटोंच्या प्रती काढाव्यात म्हणून मी पंचवीस वर्षांनी त्या दुकानी गेलो. मालक बदलले होते. जुन्या निगेटिव्ह चांदी काढणाऱ्या भंगारवाल्याला किलोवर दिल्या, असे नव्या मालकाने सहज सांगितले. त्याचे खोटे नव्हते. फिल्मच्या लेपात चांदी असतेच. आमच्या घरच्या त्या दिवसाची किंमत त्या चांदीइतकी झाली.

पुढची स्थित्यंतरे भराभर झाली. रंगीत फोटो आले, व्हिडिओची कॅसेट आली. १९७५ साली कोडॅकच्याच एका तरुण अभियंत्याने, स्टीव्हन सॅसनने, फिल्मशिवाय चित्र घेणारे यंत्र बनवले होते. दहा हजार ठिपक्यांचे ते चित्र साध्या कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. कंपनीने ते फारसे मनावर घेतले नाही, आणि २०१२ साली तीच कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. फिल्म गेली तशी चोवीसची मर्यादा गेली, आणि प्रतींवरची कमाईही गेली. मामाला आता प्रत नको असते. त्याच्या खिशातल्या फोनमध्ये त्याने स्वतः काढलेला फोटो असतो. म्हणून आजचा छायाचित्रकार दिवस विकतो. दोन दिवसांचे पॅकेज, त्यात ड्रोन, लग्नाआधीचे चित्रण, जाडजूड करिझ्मा अल्बम. वाईला घाटावर किंवा कासच्या पठारावर जोडप्याला घेऊन जायचे ते निराळे. २०२१ च्या एप्रिलात साथीमुळे लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकण्याचा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा या धंद्यातल्या कित्येकांचा हंगामच बुडाला. त्यांच्या दराबद्दल कुरकुर करताना हेही ध्यानी ठेवावे. त्यांचा कॅमेरा कर्जाचा असतो आणि मुहूर्त वर्षातून मोजके.

काही तरुणांनी दुसरी वाट धरली आहे. २००० साली आयस्टॉकफोटो आणि २००३ साली शटरस्टॉक अशा परदेशी पेढ्या निघाल्या. जगातल्या कोणीही आपला फोटो तेथे ठेवावा आणि गरजूने थोडे पैसे देऊन वापरावा. कासच्या फुलांचा फोटो असा विकता येतो. लग्नाचा येत नाही, निदान विचारल्याशिवाय येत नाही. जाहिरातीसाठी फोटो द्यायचा तर त्यातल्या माणसांची लेखी संमती या पेढ्या मागतात, आणि आपल्या कायद्याने तर पैसे देऊन काढवलेल्या फोटोचा हक्कच मुळी यजमानाचा. तरी दुसऱ्याच्या दुकानाच्या पाटीवर आपल्या मुलीचा नवरीच्या वेशातला फोटो पाहून चकित झालेले वडील मी पाहिले आहेत. 'छान आला म्हणून लावला,' हे त्यांना मिळालेले उत्तर.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस कृष्णा चढली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्या घरात गेले. ओसरल्यावर मी एका नातेवाइकांकडे गेलो. धान्य, गाद्या, कपाटे रस्त्यावर काढून ठेवली होती, त्याचे दुःख कोणी बोलत नव्हते. घरातली म्हातारी एका अल्बमची चिकटलेली पाने सोडवीत बसली होती. ओला फोटो सुकण्याआधी अलगद सुटा करून सावलीत पसरला तर पुष्कळदा वाचतो. एकदा चिकटून सुकला की चेहरा समोरच्या पानावर जातो. तिचे निम्मे फोटो असे गेले. मूळ निगेटिव्ह होत्या त्या दुकानातही त्याच नदीचे पाणी शिरले होते. ज्या दोन-तीन चित्रांच्या प्रती पूर्वी मुंबईच्या दिराला पाठवल्या होत्या, तेवढीच परत आली.

म्हणून या वर्षी पुतणीच्या लग्नाचा दर ठरवताना आम्ही करिझ्मा अल्बमची पाने कमी केली आणि ड्रोन नको म्हटले. त्याऐवजी एकच गोष्ट मागितली. फोटोग्राफर विट्याकडचा तरुण मुलगा. त्याने थोडा विचार केला. 'सगळ्या मूळ फाईली आजवर कोणी मागितल्या नव्हत्या, काका,' म्हणाला. मग ॲडव्हान्सच्या पावतीखाली पेनाने लिहिले: बाकी रक्कम मिळताच मूळ फाईली दोन हार्डडिस्कवर, एक सासरी, एक माहेरी, परवानगीशिवाय जाहिरातीत वापर नाही. खाली त्याची सही, आणि शेजारी पुतणीची.