धामण सुकेपर्यंत

खारघर स्टेशनातून बाहेर पडा, रिक्षावाल्यांना नको म्हणा आणि डोंगराच्या दिशेनं चालू लागा. उत्सव चौक मागे पडला की वर्षं मागे सरकायला लागतात. आधी मेट्रोचे खांब जातात, मग पनवेलची लोकल. १९७० ओलांडलंत की सिडकोच उरत नाही, त्यामुळे सेक्टरही नाहीत. पायाखाली भाताची धसकटं टोचू लागली की थांबा. साल १८८०, महिना मार्गशीर्ष. पनवेल अजून ठाणे जिल्ह्यात आहे, तिथल्या सुतारांची गाडीची चाकं घाटावरचे गाडीवान जोडीनं घेऊन जातात. तुम्हाला मात्र बाजारात जायचं नाही. वर चढा.

कुऱ्हाडीच्या आवाजावर तुम्ही पोचता. म्हातारा कातकरी तुमच्याकडे बघतो, तुमच्या बुटांकडे जरा जास्त वेळ बघतो, आणि कामाला लागतो. समोर आडवी पडलेली धामण. हे लाकूड चिवट आणि लवचीक. गाडीच्या दांड्या, वल्ही, कावडी, अवजारांचे दांडे आणि धनुष्य, जिथं वाकायचं पण मोडायचं नाही तिथं धामण. मनगटाहून जाड, मांडीहून बारीक, सरळसोट खोड त्यानं निवडलंय. फांदी फुटली की गाठ आली, आणि गाठीपाशी कमठा, म्हणजे धनुष्य, मोडतो. सालीवरच्या रेघाही बघून घ्या, म्हातारा खूण करतो. त्या खोडाभोवती पिळत गेल्या असतील तर आतला धागाही पिळलेला. असलं झाड तो सरपणालाही नाखुशीनंच तोडेल.

“उचला दादा, नुसतं बघता काय?”

तुम्ही एक टोक उचलता आणि कंबर बोलते. ओलं लाकूड म्हणजे निम्मं पाणीच. हे पाणी कसं बाहेर काढायचं, एवढाच पुढच्या कित्येक महिन्यांचा प्रश्न आहे. घाई केली तर लाकूड फाटतं, आळस केला तर त्याला कीड लागते.

ओंडका गोल ठेवायचा नाही. सुकताना लाकूड घेराच्या दिशेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आकसतं. गोल ओंडक्यात हा ताण कुठं तरी निघणारच, मग तो स्वतःहून गाभ्यापर्यंत उलतो, आणि कुठं उलायचं ते तुम्हाला विचारत नाही. म्हणून म्हातारा आजच फाडतो. टोकाला कुऱ्हाडीची खाच, खाचेत लाकडी पाचर, पाचरेवर घाव. चीर पुढं सरकली की दुसरी पाचर. करवत नाहीच. करवत धागा कापत जाते. पाचर लावली की धागा आपल्या वाटेनं सुटतो आणि टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो. दोन फाळ्या, मग चार. एक फाळी वाकडी निघते. म्हातारा ती बाजूला टाकतो, शिवी न देता. हे मला विशेष वाटलं.

आता शेणमाती. लाकडातलं पाणी अंगातून हळू आणि टोकातून भराभर जातं, कारण झाडाच्या नळ्या तिथं उघड्या तोंडानं संपतात. टोकं आधी सुकली तर आधी फाटतात. तुमच्या हातात शेण आणि मातीचा गोळा येतो. नाक मुरडू नका, दोन्ही टोकांना जाड थापा.

साल सोलायची, कारण तिच्याखाली भुंगेरे अंडी घालतात. पण इथं म्हातारा कुऱ्हाड ठेवतो, कोयत्याची धार आडवी धरतो आणि तुम्हाला हात लावू देत नाही. सालीखालचा पहिला थर म्हणजे धनुष्याची पाठ, ताणाचा सगळा भार तिच्यावर. तिथं नखाएवढी जखम झाली तरी कमठा वर्षभरानं त्याच जागी तुटेल. सोललेल्या सालीचा वाख मात्र तुमच्याकडे येतो, दोरीला.

मग फाळ्या झोपडीत, सावलीत, जमिनीपासून वर, मधून वारा फिरेल अशा. थोड्या सुकल्या की एखादी चुलीवरच्या माळ्यावर जाईल, धुरात. अंगठ्याएवढ्या जाडीला वर्ष लागतं, असा ठोकताळा बहुतेक देशांत सांगतात. जाडी आधीच तासून कमी केली तर काम लवकर होतं. कोकणात पावसाळा आला की सुकलेलं लाकूड पुन्हा हवेतलं पाणी पितं; जुलैत तुमच्या फ्लॅटचा दरवाजा अडकतो तो याच खोडीनं.

म्हातारा सगळं भराभर आवरतो. का, ते तुम्हाला तुटलेल्या बुंध्यावर पाला आणि माती टाकताना कळतं. १८७८ चा जंगल कायदा लागू झालाय. राखीव जंगलातलं झाड तोडणं गुन्हा, आणि हे लाकूड तर महिनोन्‌महिने घरात पडून राहणार. चोरलेली कोंबडी रात्रीत पचते, सुकणारी धामण पुराव्यासारखी माळ्यावर बसून असते.

लाकडावर सत्तेची नजर असणं काही इथंच नाही. इंग्लंडच्या राजानं १४७२ मध्ये कायदाच केला होता: बंदरात येणाऱ्या जहाजानं दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणायच्या. तिथं सरकार लाकूड मागत होतं, इथं ते घरी ठेवू देत नाही.

इकडचे बहुतेक कमठे बांबूचे असतात. बांबू भरभर वाढतो, लवकर सुकतो, त्याची चिवट तंतूंची पाठ आयतीच मिळते. या सोयीइतकीच जंगलाच्या शिपायाची भीतीही त्यामागे असावी, असा माझा तर्क आहे. पुरावा मागू नका. इथून दक्षिणेला, उरणजवळ चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात, २५ सप्टेंबर १९३० ला याच कायद्याच्या वारशाविरुद्ध लोक कोयते घेऊन उभे राहतील आणि पोलीस गोळ्या घालतील. त्याला अजून पन्नास वर्षं आहेत, आणि हे म्हाताऱ्याला सांगून उपयोग नाही.

तुम्ही विचारता, “बाबा, सुकलं हे कळतं कसं?”

तो माळ्यावरची गेल्या सालची एक फाळी काढून दगडावर आपटतो. टण्ण. मग आजची आपटतो. थप्प. दोन्ही तुमच्या हातात देऊन तो म्हणतो, “पुढल्या होळीला या. तवर शिपाई नाय आला, तर तासू.”