गर्भकालीन मधुमेहाची प्रारंभिक रक्तचाचणी : बोस्टन ते किहीम

प्रस्तावना :

गरोदरपणात प्रथमच आढळणाऱ्या रक्तशर्करेच्या वाढीस गर्भकालीन मधुमेह म्हटले जाते. त्याची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. म्हणून रक्त तपासल्यावाचून निदान होत नाही. कोणाचे रक्त, केव्हा व कोणत्या पद्धतीने तपासावे, या प्रश्नांची उत्तरे १९६४ पासून बदलत गेली. अलिबाग तालुक्यातील किहीमसारख्या किनारी गावातील स्त्रीच्या दृष्टीने या बदलांचे महत्त्व तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक आढावा :

१९६४ साली बोस्टन येथे ओ'सुलिव्हन व महान यांनी १०० ग्रॅम ग्लुकोज देऊन तीन तासांच्या चाचणीचे निकष मांडले. मातेला पुढील आयुष्यात मधुमेह होण्याची शक्यता हा त्या निकषांचा आधार होता. बालकाचे हित हा नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हापो' या अभ्यासाने ही दृष्टी बदलली. नऊ देशांतील २३ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या या अभ्यासात, मातेची शर्करा वाढते तसतसा बालकाचा धोकाही वाढतो, असे दिसून आले. मात्र त्या नऊ देशांत भारत नव्हता.

भारतापुढील अडचण वेगळी होती. उपाशीपोटी येणे व वारंवार रक्त देणे ग्रामीण स्त्रीस कठीण जाते. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच एकाच टप्प्याच्या चाचणीचा पुरस्कार केला. जेवण झालेले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि दोन तासांनी रक्त तपासावे. शर्करा १४० मिलिग्रॅम वा अधिक असल्यास निदान करावे, अशी ही पद्धत आहे. केंद्र शासनाच्या २०१४ व २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिचा स्वीकार केला. पहिल्याच प्रसूतिपूर्व भेटीत चाचणी आणि ती सामान्य आल्यास २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा चाचणी, असा क्रम ठरला. उपाशीपोटीच्या चाचणीत आढळणाऱ्या काही स्त्रिया या पद्धतीत निसटतात, हा आक्षेप मात्र कायम आहे.

किनाऱ्याचा संदर्भ :

किहीमच्या स्त्रीस उपाशीपोटी अलिबाग गाठावे लागणे आणि नेहमीच्या तपासणीतच चाचणी होणे, यांत मोठे अंतर आहे. तथापि दोन तास थांबण्याची सोय नसेल, तर सुलभ चाचणीही अपुरी राहते. लवकर निदानाचा लाभही मर्यादित आहे : भारतासह चार देशांत झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, विसाव्या आठवड्यापूर्वी उपचार केल्यास नवजात बालकांतील गुंतागुंत ३०.५ वरून २४.९ टक्क्यांवर आली. खाडीपलीकडील मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील प्रयोगात तर गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाज्या, फळे व दूध यांचा खाऊ मिळालेल्या स्त्रियांत या विकाराचे प्रमाण ७.३ टक्के, तर इतर स्त्रियांत १२.४ टक्के आढळले.

निष्कर्ष :

चाचणीचा इतिहास मातेकडून बालकाकडे आणि रुग्णालयाकडून गावाकडे सरकत आला आहे. शर्करेच्या मर्यादेबाबत मतभेद राहतील. परंतु स्त्रीला जी चाचणी प्रत्यक्ष करून घेता येते, तीच तिच्या उपयोगाची ठरते. पहिल्या भेटीतील चाचणी, दुसरी चाचणी आणि त्यापूर्वीचा आहार ही एकाच साखळीची अंगे मानली, तरच तिचे फळ किहीमपर्यंत पोहोचेल.