बंगळूरचे पुष्पप्रदर्शन

लालबाग हे नाव मराठी माणसाला परके नाही. मुंबईकराला त्या नावासरशी गिरणगाव आणि तेथील गणेशोत्सव आठवतो. इंदूरकराच्या डोळ्यांपुढे होळकरांचा राजवाडा उभा राहतो. परंतु या नावाची जी बाग खऱ्या अर्थाने बागच राहिली, ती बंगळूरची. तेथे वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, पुष्पप्रदर्शन भरते. बेळगाव, कारवार आणि गोवा या भागांतून कामानिमित्त बंगळूरला जाणारी कितीतरी कुटुंबे या दिवसांत लालबागेत एक चक्कर टाकून येतात. लालबागेत आजवर अशी दोनशेहून अधिक प्रदर्शने झाली आहेत. एखाद्या देवस्थानच्या जत्रेइतकी नेमाने पाळली गेलेली ही प्रथा कशी जन्मली, कोणत्या हेतूने वाढली आणि आज तिचे रूप काय झाले आहे, हे पाहणे बोधप्रद ठरेल.

बंगळूर शहर केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविले. १६३८ साली ते विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. म्हणून या शहराशी आपला संबंध केवळ शेजाराचा नाही, इतिहासाचाही आहे. लालबागेची कथा मात्र त्यानंतर सव्वाशे वर्षांनी सुरू होते. १७६० साली हैदर अलीने शहराबाहेर चाळीस एकर जागेवर बाग आखण्यास प्रारंभ केला. नमुना होता शिऱ्याच्या मोगली बागेचा. टिपूने बापाचे काम पुढे चालविले व दूरदूरच्या देशांतून बियाणे आणि रोपे आणविली. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि बागेचे धनी बदलले. काही वर्षे ती मेजर वॉ नामक एका इंग्रज अधिकाऱ्याकडे होती. १८१९ साली ती कंपनी सरकारकडे आली. १८३६ साली ती एका कृषी व उद्यानविषयक संस्थेच्या हवाली करण्यात आली. परंतु सहा वर्षांतच ती संस्था मोडली. एका पिढीच्या हौसेवर उभी राहिलेली बाग दुसऱ्या पिढीत पोरकी होते, हा अनुभव लालबागेने शंभर वर्षांत एकाहून अधिक वेळा घेतला.

या पोरकेपणाचा शेवट १८५६ साली झाला. मद्रास इलाख्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू क्लेगहॉर्न यांच्या सल्ल्याने लालबागेला सरकारी वनस्पती-उद्यानाचा दर्जा मिळाला आणि तिचा कारभार पाहण्यासाठी लंडनजवळच्या क्यू येथील जगप्रसिद्ध उद्यानात तयार झालेले बागवान येऊ लागले. प्रथम विल्यम न्यू आले, आणि १८७४ साली जॉन कॅमेरॉन. या कॅमेरॉनसाहेबांनी तेथे जवळजवळ तीन तपांचा काळ काढला. परदेशांतील उपयुक्त झाडे आणावीत, ती येथल्या मातीत रुजतात की नाही हे पाहावे आणि रुजली तर त्यांची रोपे लोकांना वाटावीत, हे त्यांचे काम. दक्षिणेत घरोघर शिजणारी ‘सीमे बदनेकाई’ ही फळभाजी त्यांनीच बंगळूरला रूढ केली, असे मानतात. कानडीत ‘सीमे’ म्हणजे परदेशचे आणि ‘बदनेकाई’ म्हणजे वांगे. वस्तुतः ही भाजी वांग्याच्या कुळातली नाही, भोपळ्याच्या कुळातली वेल आहे. पण नाव पडले ते पडलेच.

पुष्पप्रदर्शनाची कल्पना याच काळातली आणि ती मूळची इंग्रजांची. तिचे स्वरूप आजच्या उत्सवापेक्षा बरेच निराळे होते. ती एक प्रकारची परीक्षाच होती. छावणीतील साहेबलोक, संस्थानी अधिकारी आणि बागवान आपापल्या बागांत वाढविलेली फुले, कुंड्यांतली झाडे, फळे आणि भाज्या घेऊन येत. परीक्षक त्यांची तुलना करीत व बक्षिसे देत. फूल कोणाचे हा प्रश्न तेथे पहिला होता, आणि कसे वाढविले हा दुसरा. कोबी, फुलकोबी, गाजर यांसारख्या त्या काळी नवख्या असलेल्या भाज्या हिंदी माळ्यांच्या हातात येण्यास अशा चढाओढींनी पुष्कळ साहाय्य केले. पुण्याच्या एम्प्रेस बागेत भरणाऱ्या प्रदर्शनाची मूळ परंपरा याच वळणाची आहे.

या परीक्षेला घर हवे होते, आणि ते कॅमेरॉनच्या खटपटीने मिळाले. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी व्हिक्टोरिया राणीचे नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते लालबागेतील काचगृहाची कोनशिला बसली. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी बांधलेला स्फटिकमहाल हा त्याचा आदर्श. लोखंडाचे ओतीव भाग ग्लासगोच्या कारखान्यातून आले. लंडनचा तो महाल १९३६ साली आगीत भस्मसात झाला. त्याचे बंगळुरातील हे धाकटे भावंड आजही उभे आहे. १९३५ च्या सुमारास काचगृहाची पूर्वेकडील बाजू वाढविण्यात आली, तेव्हा पोलाद म्हैसूर संस्थानच्याच भद्रावती कारखान्याचे वापरले गेले. ग्लासगोपासून भद्रावतीपर्यंतचा हा पन्नास वर्षांचा प्रवास म्हणजे त्या संस्थानच्या औद्योगिक जागृतीचा लहानसा इतिहासच होय.

कॅमेरॉननंतर १९०८ साली जी. एच. क्रुंबिगल हे जर्मन गृहस्थ लालबागेवर आले. त्यांच्याविषयी बडोद्याच्या वाचकांना विशेष आपुलकी वाटावी. जर्मनीत जन्मलेले व क्यू येथे काम केलेले हे उद्यानशास्त्रज्ञ १८९३ साली हिंदुस्थानात आले ते सयाजीराव महाराज गायकवाडांच्या चाकरीत. गुणी माणूस शोधून काढण्याची महाराजांची दृष्टी अशी दूरवर जात असे. बडोद्याला आलेला हा माणूस पुढे म्हैसूरकरांना लाभला. लालबागेच्या कुंपणाबाहेरचे शहर हीच आपली बाग, असे त्यांनी मानले. कोणत्या रस्त्याला कोणते झाड लावायचे हे त्यांनी फुलण्याच्या ऋतूवरून ठरविले. एका रस्त्याचा बहर ओसरत असता दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी योजना केली. शिशिर-वसंतात बंगळूरच्या रस्त्यांवर दिसणारा गुलाबी-पिवळा आणि जांभळा बहर या विचाराचे फळ आहे. वर्षातून दोनदा काचगृहात भरणारे प्रदर्शन त्यांनी जणू बारा महिने रस्त्यावर मांडले, आणि तेही कोणाला तिकीट न लावता.

क्रुंबिगलांच्याच कारकीर्दीत, १९१२ साली, म्हैसूर उद्यानविद्या संस्था स्थापन झाली. सरकारी खाते आणि नागरिकांची संस्था यांनी मिळून प्रदर्शने भरवावीत, अशी घडी बसली. १८४२ साली मोडलेल्या पहिल्या संस्थेच्या मानाने ही दुसरी टिकली. क्रुंबिगल १९३२ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी एच. सी. जवराया हे हिंदी अधिकारी आले. स्वातंत्र्यानंतर १९५१ पासून एम. एच. मरीगौडा यांनी जवळजवळ पाव शतक उद्यानखाते सांभाळले. जिल्ह्याजिल्ह्यांत फलोद्याने आणि रोपवाटिका काढून चांगल्या कलमांचा प्रसार शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. प्रदर्शनाची सांगड राष्ट्राच्या दोन दिवसांशी घातली गेली आणि साहेबांच्या छावणीची हौस हळूहळू लोकोत्सव बनली.

लोकोत्सव झाला की त्याचे रूप पालटणारच. अलीकडच्या प्रदर्शनांत मध्यवर्ती आकर्षण असते ते फुलांनी मढविलेल्या प्रतिकृतीचे. दरवेळी एक विषय ठरतो आणि काचगृहात गुलाब व शेवंतीच्या लाखो फुलांनी तो साकारतो. २०१८ च्या जानेवारीत श्रवणबेळगोळच्या बाहुबलीचा विषय होता, २०१९ मध्ये महात्मा गांधींचा. २०२४ च्या जानेवारीत बसवेश्वर आणि वचनसाहित्य, त्याच वर्षीच्या ऑगस्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तर २०२५ च्या जानेवारीत महर्षी वाल्मीकी. २०२५ च्या ऑगस्टातील २१८ वे प्रदर्शन कित्तूरची राणी चन्नम्मा आणि संगोळी रायण्णा यांना वाहिलेले होते. ज्या रायण्णाला १८३१ साली खानापूर तालुक्यातील नंदगडला फाशी दिले, त्याची कथा बेळगावकडच्या मराठी घरांतही आदराने सांगितली जाते. आपल्या मुलखातील वीराला राजधानीत फुलांचा मान मिळाला, हे पाहून कोणाला बरे वाटणार नाही? याशिवाय इकेबाना, बोन्साय, भाज्यांवरील कोरीवकाम, घरगुती बागांच्या स्पर्धा असे पुष्कळ काही असते. २०२० च्या जानेवारीतील २११ व्या प्रदर्शनानंतर महामारीमुळे खंड पडला. २१२ वे प्रदर्शन भरले ते २०२२ च्या ऑगस्टात. तेव्हा लोटलेल्या गर्दीने या प्रथेची मुळे किती खोल गेली आहेत, हे दाखविले.

येथे आपल्यासारख्या देवळाच्या छायेत वाढलेल्या माणसाच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. फुलाशी आपले नाते प्रदर्शनाचे नव्हे. अबोलीची फाती ओवताना किंवा परडीत जास्वंद घेताना ते फूल इतरांच्या फुलाहून सरस आहे काय, हे आपण पाहत नाही. वास घेतलेले फूल देवाला चालत नाही, असा आपल्याकडे दंडक आहे. म्हणजे त्याचा पहिला उपभोग आपला नव्हे. गोव्याच्या देवालयांत मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, यावरून कौल घेतात. तेथे फूल माणसाचा न्याय करते. प्रदर्शनात माणूस फुलाचा न्याय करतो. आणि वाहून झालेल्या फुलालाही आपण निर्माल्य म्हणतो, कचरा म्हणत नाही. त्याची विल्हेवाटही आदराने लावतो, निदान लावावी असे मानतो.

मग प्रदर्शनातली फुले दहा-बारा दिवसांनी कोमेजली म्हणजे त्यांचे काय होते? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारे देता येईल. प्रदर्शन म्हणजे केवळ खुडून आणलेल्या फुलांची आरास असेल, तर ती कोमेजल्यावर मागे काही उरत नाही. परंतु ते मूळच्या अर्थाने बागेचे प्रदर्शन असेल, तर फूल कोमेजले तरी झाड उरते, वाफा उरतो, माळ्याच्या हातातली विद्या उरते, आणि पाहून गेलेल्या गृहिणीच्या गच्चीत एक नवी कुंडी येते. कॅमेरॉनपासून मरीगौडांपर्यंत सर्वांनी जपले ते हे दुसरे प्रदर्शन. आरास वर्ज्य करावी असे मी म्हणत नाही. आपल्या देवळांतही उत्सवाला फुलांची आरास होते. पण आरास हा उत्सवाचा अलंकार आहे, देव नव्हे. लालबागेत देवाच्या स्थानी बाग आहे.

आणि येथे वकिली पेशामुळे सुचलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या न्यायालयांनी देवमूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले आहे. देव अज्ञान बालकासारखा. त्याची मिळकत त्याच्या नावे असते आणि व्यवस्थापकाने ती त्याच्या हितासाठी सांभाळायची असते. गोव्यातील महाजनांना १९३३ सालच्या देवस्थान कायद्यामुळे या जबाबदारीची चांगली ओळख आहे. देवाच्या जमिनी तरीही गिळंकृत होत नाहीत असे नाही. परंतु निदान देवाच्या नावाने दावा लावता येतो. बागेला अशी सोय नाही. झाडाला कायद्याने व्यक्तित्व नाही, आणि फुलाचा कौल न्यायालयात ग्राह्य नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढली ती १९७५ च्या कर्नाटक शासकीय उद्याने संरक्षण कायद्याने. कब्बन उद्यानासारख्या बागा शासकीय इमारतींनी आणि इतर कारणांनी कुरतडल्या जात होत्या. त्यावर हा उपाय होता. उद्यानातील जमीन वा इमारत विक्री, भाडेपट्टा, देणगी, अदलाबदल किंवा गहाण यांपैकी कोणत्याही मार्गाने दुसऱ्याला देता येणार नाही, आणि दिली तर तो व्यवहार रद्द समजला जाईल, हे त्याचे सार. देवाच्या मिळकतीवर असावे तसलेच हे कुंपण आहे. हैदरच्या चाळीस एकरांची बाग आज सुमारे दोनशे चाळीस एकरांची आहे. सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा जो खडक तिच्यात आहे, तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्य झाला आहे, आणि त्याच खडकावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा मनोरा उभा आहे. तथापि कायदा म्हणजे शेवटी कागद. २०२५ साली शहराखालून नेण्याच्या बोगदारस्त्याच्या योजनेत लालबागेची काही जागा जाणार, अशी वार्ता आली, तेव्हा बागेत नेमाने फिरायला येणाऱ्या नागरिकांनीच आवाज उठविला. कुंपणाची राखण कलमांपेक्षा माणसे अधिक करतात, हे त्यावरून पुन्हा दिसून आले.

ही माणसे कोठून येतात? मला वाटते, त्यांतली पुष्कळशी प्रदर्शनातूनच येतात. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ज्याने काचगृह पाहिले, त्याला मोठेपणी ती बाग आपली वाटते. पुष्पप्रदर्शनाचे खरे बक्षीस हे होय, आणि ते कोणत्याही परीक्षकाच्या हाती नाही. आपल्या देवस्थानांभोवतीही एके काळी फुलबागा होत्या. पूजेची फुले तेथूनच येत. आज बहुतेक ठिकाणी ती बाजारातून येतात. देवस्थानच्या मोकळ्या जागेत अबोली, मोगरा, शेवंती, प्राजक्त यांचे चार वाफे पुन्हा धरावेत, वार्षिक उत्सवात एक दिवस गावातल्या घरोघरच्या फुलझाडांसाठी राखावा आणि जो उत्तम वाढवील त्याला नारळ-प्रसाद द्यावा, असे एखाद्या समितीने मनावर घेतले तर लालबागेच्या अडीच शतकांच्या इतिहासातून आपण काही शिकलो, असे म्हणता येईल. फुले वाहणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. झाड लावून त्याला पाणी घालणारे हात तितकेच असले, तर देवाला कधी फूल कमी पडणार नाही.