कोरड्या विहिरीवरचा माळी

प्रार्थनेला बसावे आणि मनात काहीच उमलू नये, ओठांनी शब्द उच्चारावेत आणि ते आपल्याच कानांना परके वाटावेत, हा अनुभव ज्याला कधी आलाच नाही असा भाविक विरळाच. कॅथॉलिक धर्मजीवनात या अवस्थेला आत्मिक शुष्कता म्हणतात. तिच्याविषयी अनेक साधुसंतांनी लिहिले आहे. परंतु स्वतःची फजिती न लपविता लिहिणारी म्हणून आज मला स्पेनमधील आविला नगरच्या संत तेरेजाची आठवण होते. गोव्यात ज्यांचे अवशेष जतन केलेले आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर आणि ही तेरेजा, या दोघांना १६२२ साली एकाच दिवशी संतपद जाहीर झाले.

तेरेजाचा जन्म १५१५ सालचा. विसाव्या वर्षी, घरच्यांना न सांगता, ती कार्मेल संघाच्या मठात गेली. पुढे तिला दुर्धर आजार जडला. १५३९ साली ती सुमारे चार दिवस निश्चेष्ट पडून होती. मठात तिच्यासाठी खड्डाही खणून ठेवला होता! त्यातून ती वाचली, पण अंग लुळे पडले ते जवळजवळ तीन वर्षे. एवढे सोसलेल्या जीवाची प्रार्थना तरी गोड असावी, असे आपल्याला वाटते. घडले ते उलटेच. आत्मचरित्रात ती सांगते, की अठरा वर्षे तिला ही शुष्कता भोगावी लागली. हाती पुस्तक असल्याखेरीज मूक प्रार्थनेला बसण्याचे तिला धैर्यच होत नसे. पुस्तक उघडले, की भरकटलेले विचार गोळा होत. कित्येकदा ते वाचावेही लागत नसे, नुसते जवळ असले तरी पुरे. प्रार्थनागृहात पाऊल टाकताना मन खिन्न होई. आत बसल्यावर तास कधी संपेल, याकडेच तिचे कान लागलेले असत. एका संत स्त्रीने हे लिहून ठेवावे, यातच तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे.

पण याहून अवघड कबुली पुढेच आहे. मधल्या काळात तिने मूक प्रार्थना सोडूनच दिली, आणि तीही नम्रतेच्या नावाखाली. आपल्यासारख्या पाप्याने देवाशी सलगी कशाला करावी, असे तिने मनाला समजाविले. गंमत अशी, की याच प्रार्थनेचा मार्ग तिने आपल्या वडिलांना दाखविला होता आणि ते त्यात पुष्कळ पुढे गेले होते. ते मठात भेटीस येत आणि मुलगीही पूर्ववत प्रार्थना करीत असेल, अशा समजुतीने बोलत. तिला ते सहन होईना. आपण प्रार्थना सोडली आहे, असे तिने त्यांना सांगितले. कारण मात्र प्रकृतीचे दिले. वडिलांनी विश्वास ठेवला आणि तिची कीव केली. १५४३ साली ते वारले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत जे धर्मगुरू जवळ होते, त्यांच्याच उपदेशाने तेरेजा पुन्हा प्रार्थनेला बसली. गोडी काही लगेच परतली नाही. तिने मात्र प्रार्थना पुन्हा सोडली नाही. प्रार्थना सोडणे हाच आपल्यावर आलेला सर्वांत मोठा मोह होता, असे ती पुढे मानी.

या अनुभवातून तिने जो दृष्टांत दिला, तो आपल्याकडील बागाइतदाराला सहज समजेल. आत्मा ही बाग. तिला पाणी देण्याचे चार मार्ग : विहिरीतून हाताने शेंदणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी खेळविणे आणि शेवटी पाऊस. नवख्याच्या वाट्याला शेंदणेच येते. पण पोहरा पुन्हा पुन्हा सोडूनही रिकामाच वर आला तर? तेरेजा म्हणते, माळ्याने आपले काम करीत राहावे. बाग त्याची नव्हे, धन्याची आहे, आणि पाण्यावाचूनही फुले जगविणे धन्याला अशक्य नाही.

येथे ती हटवादी मात्र नाही. ही कोरड पुष्कळदा शरीराची दुर्बलता, हवापालट यांतूनही येते, हे तिला ठाऊक होते. अशा वेळी मनाला जुंपून छळू नये, प्रार्थनेची वेळ बदलावी, वाचावे, कोणाच्या उपयोगी पडावे, असा तिचा सल्ला. आजारपणाची इतकी वर्षे काढलेल्या बाईचाच हा शहाणपणा!

१५५४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, जखमी ख्रिस्ताच्या एका मूर्तीसमोर तिचे मन द्रवले आणि तेथून तिच्या जीवनाला वळण लागले. पुढे १५५९ साली स्पेनमध्ये लोकभाषेतील अनेक धर्मग्रंथांवर बंदी आली. पुस्तकाचा आधार घेऊन अठरा वर्षे काढलेल्या तेरेजाला ते फार लागले. पण तोवर पुस्तकावाचून बसण्याचे बळ तिला आले होते. १५६२ साली तिने आविला येथे सुधारित पंथाचा पहिला मठ स्थापन केला. एके काळी तास संपण्याची वाट पाहत बसणाऱ्या या बाईने आपल्या मठांच्या नियमांत मूक प्रार्थनेसाठी सकाळी एक तास आणि सायंकाळी एक तास राखून ठेवला.